बेतारिमने शब्द टाकला

बेतारिम कौतुनाने आयुष्यात कोणाकडे काही मागितलं नव्हतं. हे तो स्वतः सांगत नसे. लोक सांगत, आणि दर वेळी कौतुकानेच सांगत असं नाही.

आमच्या बेटांवर मागणं ही रोजची गोष्ट आहे. शेजाऱ्याची होडी हवी, मेव्हण्याची मोटरसायकल हवी, चुलत बहिणीचं एखादं मूल वाढवायला हवं, तर जाऊन चटईवर बसायचं, दोन इकडच्या तिकडच्या गप्पा करायच्या आणि शब्द टाकायचा. बुबुसी म्हणतात त्याला. नात्यातल्याने टाकलेला शब्द मोडता येत नाही. मोडला तर मोडणाऱ्याचं नाक जातं, मागणाऱ्याचं नाही. आज तू दे, उद्या मी देईन. त्यामुळे कोणाच्या घरात फार काही साठत नाही, आणि कोणी उपाशीही मरत नाही.

बेतारिमने याची दुसरी बाजू लहानपणीच पाहिली. नोनूती बेटावर त्याच्या बापाची शिडाची होडी होती. गावात तशी दुसरी नव्हती. बापाने एकाकडून घरावर घालायला पत्रे मागून आणले. वर्षभराने पत्रेवाला आला आणि होडी मागून घेऊन गेला. बाप हसत हसत त्याला किनाऱ्यापर्यंत पोचवायला गेला. परत आल्यावर दोन दिवस जेवला नाही. बेतारिम तेव्हा नऊ वर्षांचा होता. त्याने त्यातून एवढंच घेतलं, की आपण मागितलेलं नसलं तर आपल्याला नाही म्हणता येतं.

पुढची सगळी नोकरी त्याने या एका गोष्टीवर केली.

अठराव्या वर्षी तो बिनतारी यंत्रावर संदेश घेणारा कारकून म्हणून राजधानीत, तारावाला आला. देश नवा होता. परराष्ट्र खातं म्हणजे तिथल्या बाइरिकीत तीन टेबलं, एक पंखा आणि एक कुलूपबंद कपाट. कपाटाची किल्ली सांभाळायला विश्वासू माणूस हवा होता, म्हणून बेतारिमला तिकडे नेलं. किल्लीवरून तो फायलींवर आला, फायलींवरून बैठकांना. मग परदेशातल्या नेमणुका, सुवा, होनियारा, तीन वर्षं न्यूयॉर्क. तिथल्या थंडीबद्दल विचारलं तर म्हणे, "बरी होती." एवढंच.

नात्यातले लोक येत. कोणाला मुलासाठी शिष्यवृत्तीची चिठ्ठी हवी असे, कोणाला जावयाला शिपायाची जागा. बेतारिम ऐकून घेई आणि म्हणे, "नाही." कारण देत नसे. त्याच्याकडून कोणाचं काही येणं नव्हतं, तेव्हा कोणाला बोलायला तोंडही नव्हतं. गावात त्याचं नाव पडलं बहिरा. "बेतारिमकडे काय मागतोस, शार्ककडे माग," असं लोक म्हणत. "तो निदान तोंड तरी उघडतो."

गावात जे वंगाळ ठरलं ते परदेशात सोन्याच्या मोलाचं निघालं. आमच्याकडे माती नाही, डोंगर नाही, नदी नाही. समुद्र आहे आणि त्यात ट्यूना आहे. तो पकडायला मोठ्या देशांच्या बोटी येतात आणि त्यासाठी करार लागतात. मोठे देश बोलणी सुरू करण्याआधी काहीतरी देतात. जेवण देतात, सहल देतात, मुलाच्या कॉलेजची चौकशी करतात. बेतारिम भात आणि खारवलेला मासा घरून डब्यात नेई. चहा विचारला तर म्हणे, "आणलाय." मिंधेपण नाही, म्हणून भीड नाही. समोरचे बोलत राहात. हा गप्प बसे. शेवटी त्या गप्प बसण्याला कंटाळून ते एक पायरी खाली येत.

असा तो खात्यात सगळ्यांत वरचा अधिकारी झाला. त्याच्या वर फक्त मंत्री. आणि मग पंचावन्नावं वर्ष आलं.

पंचावन्नाला सरकारी नोकरी संपते. शिपाई असो की राजदूत. गंमत अशी, की मानेआबात, म्हणजे गावाच्या त्या मोठ्या छपराखाली, जिथे सगळे निर्णय होतात, पंचावन्नाचा माणूस नुकता कुठे म्हाताऱ्यांच्या ओळीत सरकलेला असतो. तिथे त्याचं ऐकायला तेव्हाच सुरुवात होते. कचेरीत त्याच दिवशी बंद होतं.

बेतारिमला निवृत्तीचं भय नव्हतं असं तो म्हणे. त्याला एक कलम हवं होतं.

आमच्या समुद्रात येणाऱ्या प्रत्येक बोटीवर आमचा एक निरीक्षक असतो. किती मासा पकडला ते लिहिणारा एकटा माणूस, परक्या बोटीवर, परक्या भाषेत, महिनोन्‌महिने. तीन वर्षांपूर्वी ओनोटोआ बेटाचा कैताबा नावाचा निरीक्षक उत्तरेकडच्या एका मोठ्या देशाच्या बोटीवर आजारी पडला. पोटात उजवीकडे कळा येत होत्या. मासा भरपूर लागत होता, म्हणून बोट फिरली नाही. अकराव्या दिवशी तो गेला. मग बोट फिरली. बेतियोच्या धक्क्यावर पेटी उतरवून घ्यायला खात्यातर्फे बेतारिम उभा होता. कैताबाच्या आईने त्याला काही विचारलं नाही. तिने फक्त पेटीवरचा बर्फ हाताने पुसला.

तेव्हापासून बेतारिमची एकच मागणी होती. निरीक्षक आजारी पडला तर बोटीने जवळच्या बंदरात यावं, आणि त्याला रोज घरच्यांशी बोलता यावं. कलम सहा ओळींचं होतं. उत्तरेकडचे लोक बाकी सगळ्याला तयार झाले. या सहा ओळींना नाही. आज ही बोट फिरवली तर उद्या शंभर फिरवाव्या लागतील, असं ते म्हणत. बेतारिम गप्प बसे. तीन वर्षं तो असा गप्प बसला होता.

फेब्रुवारीत सुवाला बैठक झाली. संपताना त्यांचा मुख्य अधिकारी कागद आवरत म्हणाला, "मेमध्ये आपण निवृत्त होताय असं कळलं. अभिनंदन. मग पुढची बैठक ऑगस्टमध्ये ठेवूया का? घाई कशाला करायची?"

टेबलापलीकडची माणसं नम्रपणे हसली.

परतीच्या विमानात त्याच्या शेजारी मारेवा होती. ती खात्यातली दुसऱ्या क्रमांकाची अधिकारी. चौतीस वर्षांची, अबाइयांग बेटाची. तिन्ही वर्षं ती त्याच्या डाव्या हाताला बसून टिपणं घेत होती.

"सर, येऊ दे ऑगस्ट," ती म्हणाली. "मी आहे ना."

"तुला ते घाबरत नाहीत."

"घाबरायला कशाला हवेत? मला फक्त नाही म्हणायचंय. ते येतं मला. तुमच्याजवळ बसून दुसरं काय शिकले?"

"तू अजून लहान आहेस."

"न्यूयॉर्कला गेलात तेव्हा किती वर्षांचे होता तुम्ही?"

बेतारिमने खिडकीबाहेर पाहिलं. तेव्हा तो एकतीस वर्षांचा होता. मारेवाने वही मिटली.

बोनरिकीच्या विमानतळावर उतरल्यावर त्याने अर्ज लिहिला. अर्ज दीड पानाचा होता. चालू बोलणी पूर्ण होईपर्यंत एक वर्षाची मुदतवाढ मिळावी. नियमात तशी सोय होती. आठवडाभराने उत्तर आलं, की सोय आहे, पण संबंधित मंत्र्यांची शिफारस लागेल.

संबंधित मंत्री बिरिबो होता. बेतारिमच्या थोरल्या बहिणीचा मुलगा.

घरी बायकोने कागद वाचला. रुता शाळेत शिकवत असे. तिला कागद वाचता वाचता त्यातल्या चुका काढायची सवय होती.

"कलमासाठी लिहिलंयस हे सगळं?" तिने विचारलं.

"कलमासाठीच."

"दीड पानात कैताबाचं नाव एकदा आहे. 'माझा अनुभव' चार वेळा आहे."

"अर्ज असाच लिहितात."

"बेतारिम, मारेवा बसेल की त्या खुर्चीत. खुर्ची काय बुडतेय का?"

"ते तिला गुंडाळून ठेवतील."

"तुला कोणी गुंडाळलं नाही, कारण तू कोणाचं काही खाल्लं नाहीस. ती तरी कुठे खाते? चहासुद्धा घेत नाही पोरगी. तुझंच भूत बसलंय तिच्या मानगुटीवर." तिने कागद घडी घालून त्याच्या हातात दिला. "घरी बसलास तर काय करशील याची भीती वाटते तुला. तेवढं लिहिलं असतंस तर मी काही म्हटलं नसतं."

तो नीरफणस भाजत होता. त्याने तो उलटला.

बिरिबोने दोन आठवडे फाईल ठेवून घेतली. मग बेतारिम एका मजल्याचा जिना चढून त्याच्या खोलीत गेला.

"या, बसा. सर म्हणू की मामा?"

"कचेरीत सर म्हण."

"मग सर, फाईल माझ्याकडेच आहे. बघतोय."

"दोन आठवडे बघतोयस."

"जूनमध्ये निवडणूक आहे. आत्ता मामाला वर्ष वाढवून दिलं तर समोरचा पक्ष मला सोलून वाळत घालेल. आणि तुम्हीच ना सांगत होता, नातं कचेरीबाहेर चपलांबरोबर काढून ठेवायचं?"

"मी मामा म्हणून आलेलो नाही. नियमात आहे."

"नियमात आहे, की अपवाद करता येतो. कोणासाठी करायचा ते नाही लिहिलेलं." बिरिबो हसला. तो फुलाफुलांचा शर्ट घालून बसलेला, गोल चेहऱ्याचा, सगळ्यांना आवडणारा माणूस होता. "मामा, एक सांगू का? अधिकारी म्हणून मागितलंत तर मला बघतो म्हणता येतं. मागायच्या जागी मागितलंत तर नाही म्हणता येणार. आणि मग लोकही काही म्हणणार नाहीत. मामाने शब्द टाकला, भाच्याने झेलला. यात कोण काय बोलणार?"

"म्हणजे मानेआबात?"

"रविवारी आमच्या धाकट्याच्या मुलाचा पहिला वाढदिवस आहे. सगळं नोनूती येणार. तुम्ही नेहमीसारखे यायचे नाहीत, असं आई म्हणत होती."

बेतारिम जिना उतरून खाली आला. बिरिबोला मागणीचा आडोसा हवा आहे हे त्याला कळलं. बोलण्यात समोरच्याला काय हवं ते कळणं हा त्याचा धंदाच होता. ते देणं स्वस्त आहे असं त्याला वाटलं. अभिमानाचा एक घोट गिळायचा, इतकंच.

त्याने हजारो कागद वाचले होते. एकाही कागदावर न वाचता सही केली नव्हती. पण मागण्याचा त्याला सराव नव्हता. ज्याला सराव असतो तो मागण्याआधी घरात बसून विचार करतो, की बैठक उठायच्या आत हा आपल्याकडून काय मागेल. आमच्याकडे हे सात वर्षांच्या मुलालाही ठाऊक असतं. गोळी मागताना ते आपला भोवरा मागे लपवून ठेवतं.

रुताला त्याने शनिवारी सांगितलं. 

"बिरिबोने स्वतः सुचवलं हे?"

"हो."

"मग जाऊ नकोस."

"तो नाही म्हणू शकणार नाही."

"तेच सांगतेय मी," रुता म्हणाली. "तूही."

तो म्हणाला, की त्याच्याकडे बिरिबोने मागावं असं काही नाही. घर सरकारी, होडी नाही, जमीन होती ती बहिणींकडे. हे खरं होतं. त्याने सगळं मनात मोजून पाहिलं होतं. कराराची फाईल त्याने मोजली नाही. ती त्याची आहे असं त्याला कधी वाटलंच नव्हतं.

तारावात राहणाऱ्या नोनूतीकरांची स्वतःची मानेआबा आहे. रविवारी प्रार्थनेनंतर सगळे तिथे जमले. केवड्याच्या पानांच्या चटया अंथरलेल्या. प्रत्येक घराण्याची आपापल्या वाशाखालची जागा. भात, तळलेला मासा, अळूचे कंद, डब्यातलं बीफ, माडाची गोड नीरा. वाढदिवसाचं मूल पानांच्या टोपीत झोपून गेलं होतं. बेतारिम आला, वाकून म्हाताऱ्यांच्या पुढून गेला आणि त्याने मधल्या जागेवर तंबाखूच्या चार कांड्या ठेवल्या. तंबाखू ठेवला म्हणजे माणूस मागायला आला आहे.

पलीकडे बायकांत कुजबुज झाली.

"बहिरा तंबाखू घेऊन आलाय."

"चुकून पडला असेल गं खिशातून."

सगळ्यांत म्हातारा तेकाई पुढे बसला होता. त्याला दिसत कमी होतं. त्याने कांड्या चाचपल्या, मोजल्या, आणि तो म्हणाला, "बोल, कौतुनाच्या मुला. फार वर्षं लावलीस."

लोक हसले. बेतारिमने बोलायला सुरुवात केली. ज्या आवाजात तो देशांशी बोलत असे तो आवाज इथे लागेना. 

"माझ्या बहिणीच्या मुला, मी आजवर कोणाच्या दारात आलो नाही. आज तुझ्याकडे आलोय. माझ्या कामाचं एक टोक राहिलंय. ते बांधायला मला एक वर्ष हवं. ते तुझ्या हातात आहे. मी ते मागतो."

बिरिबो मंत्र्यांसाठी ठेवलेल्या खुर्चीतून उठला आणि खाली चटईवर, मामासमोर येऊन बसला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. ते खोटं नव्हतं, असं नंतर रुताही म्हणाली.

"मामा," तो म्हणाला, "माझ्या आईने मला सांगितलं होतं, हा माणूस मरताना पाणीसुद्धा मागणार नाही. तुम्ही माझ्याकडे मागितलंत. वर्ष तुमचं."

सगळ्या छपराखाली टाळ्या वाजल्या. आमच्या रीतीप्रमाणे कोणीतरी बेतारिमच्या मानेवर पावडर ओतली, कोणी अत्तराचा फवारा मारला. गळ्यात फुलांची माळ आली. एक म्हातारी त्याचा गाल धरून म्हणाली, "बहिऱ्याला वाचा फुटली रे." चाळीस वर्षांत आपली माणसं त्याच्या इतकी जवळ आली नव्हती. नाच सुरू झाला तेव्हा त्याला ओढून उभं केलं, आणि तो नाचला. रुता एका खांबाला टेकून बघत होती. त्याने तिच्याकडे पाहून हात हलवला. तिने हलवला नाही.

चहा झाला. मुलं पेंगुळली. तेव्हा बिरिबो, अजून चटईवरच बसलेला, म्हणाला, "आता माझी पाळी."

लोक पुन्हा सरसावून बसले.

"मामा, मोठ्या भरतीला समुद्र नोनूतीच्या आपल्या दवाखान्यापर्यंत येतो. अळू लावायचे खड्डे खारे झालेत. तुम्ही जन्मलात ते घर आता नाही. दर निवडणुकीला मी बंधारा बांधतो म्हणतो आणि दर निवडणुकीला लोक माझ्या तोंडाकडे बघतात. उत्तरेकडचे लोक बंधारा बांधायला तयार आहेत. दगड, यंत्रं, माणसं, सगळं त्यांचं. त्यांची एकच अट आहे. मासेमारीचा करार आहे तसा सही करून मिळावा, मे संपायच्या आत. तुमच्या कागदात सहा ओळी जास्त आहेत. मामा, मी त्या सहा ओळी मागतो."

 समुद्राचा आवाज दोन्ही बाजूंनी येत होता, बेटाच्या कड्याआतल्या उथळ समुद्राचा आणि बाहेरच्या खोल समुद्राचा.

बेतारिमने भोवती पाहिलं. ज्यांचे खड्डे खारे झाले होते ते सगळे तिथेच बसले होते. त्याच्या अंगावर त्यांचीच पावडर होती. कैताबाचं कोणी तिथे नव्हतं. ओनोटोआची मानेआबा वेगळी.

"चांगलं मागितलं पोराने," तेकाई म्हणाला. "स्वतःसाठी नाही मागितलं."

बेतारिम गप्प बसला. बोलण्यांच्या टेबलाशी तो जसा बसत असे तसाच. पण इथे त्याच्या गप्प बसण्याला कंटाळून कोणी एक पायरी खाली येणार नव्हतं. इथे गप्प बसणं म्हणजे विचार करणं नव्हतं. इथे ते फक्त उशीर करणं होतं.

"घे," तो म्हणाला.

टाळ्या पहिल्यापेक्षा मोठ्या वाजल्या.

सोमवारी त्याने मारेवाला खोलीत बोलावलं. बातमी तिच्यापर्यंत आधीच पोचली होती. तारावाला एकच रस्ता आहे. बातमी बसने येते.

"तीन वर्षं," ती म्हणाली.

"तुझ्यावरही दबाव आला असता. मंत्र्याने तुला लेखी आदेश दिला असता."

"दिला असता. आदेशाला मी उत्तर लिहिलं असतं. त्याला त्यांनी उत्तर लिहिलं असतं. तेवढ्यात जून आला असता." तिचा आवाज चढला नव्हता. "सर, मी अबाइयांगची. तुमच्या त्या मानेआबात मला बसायला जागासुद्धा नाही. माझ्याकडे कोणी काय मागणार होतं?"

बेतारिमने पेपरवेट उचलून दुसरीकडे ठेवलं.

"तुम्ही नुसते घरी बसला असतात," ती म्हणाली, "तर ते कलम आलं असतं. कदाचित नसतं आलं. पण गेलं तर नसतं."

"लोकांना बंधारा हवाय, मारेवा."

"हवाय ना. मग बंधाऱ्यासाठी दिलं असं सांगा सगळ्यांना. वर्षासाठी दिलं हे नका सांगू."

ती उठली. दारात थांबून तिने सांगितलं, की सुवाच्या एका कचेरीत तिने अर्ज केला आहे. इथे तिची बढती आता वर्षभर होणार नव्हती, हे दोघांनाही माहीत होतं. ते तिने बोलून दाखवलं नाही. बेतारिमला ते बोललेलं जास्त आवडलं असतं.

मेच्या विसाव्या तारखेला करारावर सह्या झाल्या. उत्तरेकडचा मुख्य अधिकारी स्वतः आला होता. त्याने बेतारिमचा हात दोन्ही हातांत घेतला. "आपण अजून इथे आहात हे बघून फार बरं वाटलं," तो म्हणाला. "आपल्याशिवाय हे झालं नसतं." त्याला खोचून बोलायचं नव्हतं. तो भला माणूस होता आणि खरं तेच बोलत होता. सगळा कार्यक्रम अकरा मिनिटांत आटोपला. मग जेवण होतं. बेतारिमने त्यांच्याबरोबर जेवण केलं. डबा आणला नव्हता. रुताने तो भरून ठेवला होता की नाही, हे त्याने सकाळी पाहिलंही नव्हतं.

जूनमध्ये बिरिबो निवडून आला. जुलैत मारेवा सुवाला गेली. जाताना तिने सगळ्या फायली क्रमाने लावून, प्रत्येकीवर चिठ्ठी चिकटवून दिल्या. बेतारिमसाठी वेगळी चिठ्ठी नव्हती.

बंधाऱ्याचे दगड नोनूतीला उतरले, असं ऐकू आलं. लोक रस्त्यात भेटले की बेतारिमला आता थांबवत. त्याचा खांदा धरून बोलत. आता तो त्यांच्यातला झाला होता. आता ते मागत. कोणाला जावयासाठी चिठ्ठी हवी असे, कोणाला मुलीसाठी. त्याला नाही म्हणता येईना. पहिल्या चिठ्ठीवर सही करायला त्याला एक तास लागला. पुढच्या लवकर झाल्या. कचेरीबाहेरच्या बाकावर सकाळपासून माणसं बसू लागली. घरी रुता त्या चिठ्ठ्यांतल्या शुद्धलेखनाच्या चुका काढत नसे. वाचतच नसे.

ऑगस्टमध्ये नवे निरीक्षक बोटींवर जाणार होते. जाण्याआधी त्यांना करार समजावून सांगायची खात्याची पद्धत आहे. हे काम मारेवा करत असे. ती नव्हती, म्हणून बेतारिम गेला. बेतियोच्या प्रशिक्षण शाळेतली एक खोली. सहा जण होते. विशी-पंचविशीतले, नव्या सँडल घातलेले. ते उठून उभे राहिले आणि वाकले. त्याने बसा म्हटलं.

त्याने एकेक कलम वाचून सांगितलं. पगार, काम, वजनाची नोंद, मुक्काम. ते लिहून घेत होते. शेवटी मागच्या बाकावरच्या एकाने हात वर केला. त्याने आधी आपलं नाव आणि बेट सांगितलं, जसं सांगतात तसं. इओआने, ओनोटोआ.

"सर, बोटीवर बरं नसलं तर बोट फिरवायची, असं एक कलम येणार होतं ना? आमच्या गावात सांगत होते. तुम्ही त्यासाठी भांडताय म्हणून."

"ते आलं नाही," बेतारिम म्हणाला.

"ते लोक तयार झाले नाहीत का?"

बेतारिमकडे एक उत्तर होतं. उत्तरेकडच्या लोकांच्या नावाने ते देता आलं असतं आणि कोणाला खोटं वाटलं नसतं. ते त्याच्या जिभेपर्यंत आलं.

"आमच्याकडून सोडलं गेलं," तो म्हणाला. मग थांबून म्हणाला, "मी सोडलं."

मुलांनी एकमेकांकडे पाहिलं. ती चांगल्या घरची मुलं होती. मोठ्या माणसाला 'का' असं विचारत नाहीत. इओआनेने मान खाली घातली, जणू चूक त्याचीच होती.

"मग आम्ही काय करायचं, सर?" पुढे बसलेल्या एकाने विचारलं.

"जायच्या आधी दवाखान्यात जाऊन पोट तपासून घ्या," बेतारिम म्हणाला. "उजवी बाजू."

सहाही जणांनी ते वहीत लिहून घेतलं. त्याच्या मुदतीचे अजून नऊ महिने बाकी होते.